प्रोसेसरचा वेग कमी केला, मशीन मंदावलं, तरी बॅटरी तेवढीच: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर पुढचं तुमच्या लॅपटॉपबद्दल आहे.

- पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवर आणली. मशीन कुथत चालायला लागलं. बॅटरी मात्र आधी जेवढा वेळ टिकायची तेवढाच वेळ टिकते, कधी त्याहून कमी.
- काहीही काम चालू नसताना बूड कोमट राहतं, पंखा मधूनच फिरतो.
- टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.३९ किंवा ०.७८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसतो, कितीही काम दिलं तरी वर जात नाही. बऱ्याचदा चार्जर लावल्यावरच असं होतं.
- टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, गाणं किंवा कॉलचा आवाज तुटतो.
- विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-प्रोसेसर-पॉवर’ या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद पुन्हा पुन्हा पडते. फर्मवेअरनं (मशीनच्या चिपांतच भरलेल्या मूळ प्रोग्रामनं) प्रोसेसरचा वेग रोखून धरला आहे, एवढाच तिचा अर्थ.

यात दोन वेगळे दोष मिसळलेले असतात. पहिल्यात मालकानं वीज वाचेल म्हणून स्वतः वेग बांधलेला असतो. दुसऱ्यात मशीननं कशाला तरी घाबरून वेग पाडलेला असतो, आणि मालक ‘निदान बॅटरी तरी वाचत असेल’ म्हणून ते चालवून घेतो. दोन्हीकडे समज एकच: वेग निम्मा, म्हणजे वीज निम्मी. ती जिथे चुकते तिथपासून सुरुवात करू.

वेग आणि वीज यांचा हिशेब

चिपमध्ये वीज दोन वाटांनी जाते. पहिली वाट ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या सूक्ष्म स्विचांच्या) उघडझापीची. तिचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. दुसरी वाट गळतीची. व्होल्टेज असेपर्यंत ती चालूच राहते, क्लॉक (चिपच्या कामाचा ठोका) फिरो वा थांबो.

आता नुसता वेग निम्मा केला, व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर दर सेकंदाला उघडझापीचा खर्च निम्मा होतो. पण काम संपायला वेळ दुप्पट लागतो, म्हणजे त्या कामापुरता उघडझापीचा एकूण खर्च तसाच राहिला. वर गळती दुप्पट वेळ चालली, आणि पडदा, रॅम, एसएसडी, वाय-फाय हेही दुप्पट वेळ जागे राहिले.

नमुन्याचे आकडे घेऊन पाहा. प्रोसेसर कामात असताना १२ वॅट घेतो, त्यातले ९ उघडझापीचे आणि ३ गळतीचे. काम संपल्यावर खोल झोपेत गेला की १ वॅट. बाकी लॅपटॉप मिळून ५ वॅट. काम पूर्ण वेगानं १० सेकंदांचं आहे, आणि हिशेब २० सेकंदांचा मांडायचा आहे.

- पूर्ण वेग, मग झोप: प्रोसेसरचे १२० अधिक १०, आणि बाकीचे १००. एकूण २३० ज्यूल.
- व्होल्टेज तेच, क्लॉक निम्मा वेळ थांबवलेला: प्रोसेसर सरासरी साडेसात वॅट, २० सेकंदांचे १५०, आणि बाकीचे १००. एकूण २५० ज्यूल.
- वेग निम्मा आणि सोबत व्होल्टेज १ वरून ०.८ व्होल्टवर: उघडझापीचे जेमतेम २.९ वॅट, गळतीचे धरा २.४. प्रोसेसरचे १०६ आणि बाकीचे १००. एकूण २०६ ज्यूल.

दुसऱ्या प्रकारात मशीन निम्म्या वेगानं चाललं आणि वीज जास्त गेली. तिसऱ्यात खरी बचत झाली, ती व्होल्टेज उतरल्यामुळे. सिग्नलला गाडी उभी, इंजिन मात्र चालू, असा हा दुसरा प्रकार आहे. किल्ली फिरवून इंजिन बंद करणं म्हणजे खोल झोप.

या तिन्ही गोष्टींना वेगवेगळी नावं आहेत आणि सेटिंगमध्ये ती दिसतात, म्हणून ओळखून ठेवा. क्लॉक मधूनमधून थांबवणं म्हणजे टी-स्टेट, याच्या पायऱ्या सहसा साडेबारा टक्क्यांच्या. वेग आणि व्होल्टेज जोडीनं उतरवणं म्हणजे पी-स्टेट. इंटेलचं स्पीडस्टेप आणि एएमडीचं पॉवरनाऊ हे याच जातीचे. काम नसताना झोपणं म्हणजे सी-स्टेट: सी१ मध्ये फक्त क्लॉक थांबतं, सी६ मध्ये कोअरची (प्रोसेसरमधल्या एकेका काम करणाऱ्या भागाची) वीजच तोडली जाते.

टी-स्टेट मुळात बचतीसाठी आलंच नाही, ते आलं उष्णतेसाठी. पेंटियम ४ तापला की त्याचं क्लॉक ठरावीक प्रमाणात चालू-बंद व्हायचं, चिप जळू नये म्हणून. पेंटियम एम आणि नंतरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजही सोबत उतरवायची सोय आली. लिनक्समध्ये जुन्या पेंटियम ४ साठी ‘पी४-क्लॉकमॉड’ नावाचा ड्रायव्हर होता. त्याच्या स्वतःच्या मदत-मजकुरातच बजावलेलं होतं की यानं मशीन फार मंदावतं, एरवी स्पीडस्टेप वापरा. तरी लोक तो हौसेनं लावायचे, कारण वेगाचा आकडा खाली आलेला दिसायचा.

नुसता वेग बांधूनही बॅटरी वाढते अशी एक जागा आहे: काम कधी संपतच नाही ती. गेम, अडकून फिरत राहिलेला प्रोग्राम, जाहिरातींनी भरलेलं पान. तिथे वेग कमी म्हणजे काम कमी, म्हणून वीज कमी. पण गेमला फ्रेमची मर्यादा घालणं आणि अडकलेला प्रोग्राम बंद करणं, हे त्याहून सरळ उपाय आहेत.

१. आधी मोजा (फुकट, १५ मिनिटं)

कोपऱ्यातला ‘२ तास ४० मिनिटं बाकी’ हा आकडा सोडून द्या. तो अंदाज दर मिनिटाला बदलतो. हवा आहे तो बॅटरीतून निघणाऱ्या वॅटचा आकडा.

चार्जर काढा, उजेड अर्ध्यावर ठेवा, सगळे प्रोग्राम बंद करा आणि १० मिनिटं हात लावू नका. मग विंडोजवर ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममध्ये बॅटरीचा डिस्चार्ज दर पाहा. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ वरच्याच ओळीत तो सांगतो. थेट वाचायचा असेल तर ‘पॉवर_सप्लाय’ फोल्डरात बॅटरीच्या नावाखाली ‘पॉवर_नाऊ’ ही फाइल असते, आकडा मायक्रोवॅटमध्ये. काही मशीनवर तिच्याऐवजी करंट आणि व्होल्टेजच्या दोन वेगळ्या फाइल मिळतात, त्यांचा गुणाकार करावा लागतो.

कमी वॅटचा प्रोसेसर असलेला १४ इंची लॅपटॉप रिकामा असताना साधारण ४ ते ८ वॅट घेतो. एवढाच आकडा येत असेल, तर वेगाच्या सेटिंगला हात लावून काहीही मिळणार नाही. रिकामा असताना १२-१५ वॅट जात असतील, तर कोणीतरी मशीनला झोपू देत नाही. तेव्हा मुद्दा क्रमांक ४ तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

सोबत बॅटरीची तब्येतही पाहा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ला ‘बॅटरीरिपोर्ट’ हा पर्याय दिला की अहवालाची फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता, दोन्ही असतात. मूळ ५० वॅट-तासांची बॅटरी आता २६ वर आली असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. बॅटरी बदला आणि इथेच थांबा.

२. स्वतः घातलेली मर्यादा काढा (फुकट, ५ मिनिटं)

विंडोजच्या जुन्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगखाली, प्रोसेसरची कमाल आणि किमान पातळी असते. कमाल १०० करा, किमान ५. नव्या लॅपटॉपवर हा भाग लपवलेला असू शकतो. तसं असेल तर सेटिंगमधला पॉवर मोड ‘बॅलन्स्ड’वर ठेवला की पुरे.

आता तुलना करा. एक ठरावीक काम घ्या, उदाहरणार्थ तोच व्हिडिओ त्याच प्रकारात रूपांतरित करणं. बॅटरीवर तीनदा करा: कमाल १००, मग ९९, मग ५०. प्रत्येक वेळी किती मिनिटं लागली आणि सरासरी किती वॅट गेले, त्यांचा गुणाकार करा. नुसते वॅट पाहून निकाल काढायचा नाही, इथेच सगळे फसतात: ५० वर वॅट कमीच दिसणार, मिनिटं मात्र वाढलेली असणार.

९९ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. १०० वरून ९९ वर आलं की बहुतेक मशीनवर टर्बो (मूळ वेगाच्या वर घेतलेली तात्पुरती उडी) बंद होतो, आणि टर्बोत व्होल्टेज बरंच चढतं. समजा टर्बोत १.२५ व्होल्ट आणि मूळ वेगावर ०.८५ व्होल्ट. वर्गाच्या हिशेबानं प्रत्येक क्लॉकमागे उघडझापीचा खर्च टर्बोत दुपटीहून जास्त होतो. म्हणून ९९ वर बचत दिसू शकते, आणि साधं ऑफिसचं काम करताना फरकही फारसा जाणवत नाही.

५० वर गणित का फिसकटतं? व्होल्टेजला तळ असतो. एका वेगाच्या खाली चिपला आणखी कमी व्होल्टेज देता येत नाही. तो तळ गाठल्यावर वेग उतरवत राहणं म्हणजे वरच्या हिशेबातला दुसरा प्रकार: काम लांबतं, गळती चालू राहते. पी-स्टेटची सगळ्यांत खालची पायरी संपल्यावर विंडोज टी-स्टेटचाही आधार घेऊ शकतं, त्यासाठी वेगळं लपलेलं सेटिंग आहे. तिथवर जायची वेळच येऊ देऊ नका.

लिनक्सवर आणखी एक गैरसमज: रिकाम्या मशीनवर एखादा कोअर ३ गिगाहर्ट्झ दाखवतो म्हणून लोक गव्हर्नर (वेग कसा ठरवायचा याचं सेटिंग) बदलत बसतात. सी६ मध्ये झोपलेल्या कोअरचं क्लॉक शून्य असतं. दिसणारा आकडा तो जागा झाला त्या क्षणांचा. ‘टर्बोस्टॅट’ या प्रोग्राममध्ये सरासरी मेगाहर्ट्झ आणि कामातले मेगाहर्ट्झ असे दोन वेगळे रकाने असतात, दोन्ही शेजारी ठेवले की हा संभ्रम मिटतो.

३. बचतीचे प्रोग्राम एकावर एक चढलेत का? (फुकट)

कंपनीचा स्वतःचा पॉवर प्रोग्राम, इंटरनेटवरून उतरवलेला ‘बॅटरी सेव्हर’, आणि कधीतरी टाकलेलं ‘थ्रॉटलस्टॉप’ (वेगाच्या मर्यादा हातानं बदलायचा प्रोग्राम): तिघं एकाच चिपला तीन हुकूम देत असतात. लिनक्सवर ‘टीएलपी’ आणि ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ हे वीजबचतीचे दोन प्रोग्राम एकत्र ठेवू नका. एक निवडा, दुसरा काढून टाका. मग मशीन पुन्हा सुरू करून पहिली मोजणी परत करा.

२०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलच्या प्रोसेसरांत वेग-व्होल्टेजचा निर्णय चिप स्वतः घेऊ शकते, आणि तेही ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा बरंच लवकर. एएमडीच्या रायझनमध्येही तशी सोय आहे. बाहेरच्या प्रोग्रामनं वेग एका आकड्यावर बांधला की चिपला ही संधीच मिळत नाही.

४. झोप कोण मोडतंय? (फुकट, पण चिकाटी लागते)

बचत खरी मिळते ती इथे. वेगापेक्षा झोपेवर जास्त वेळ घालवा.

कोअर एकेकटे झोपले तरी पुरत नाही. मेमरी कंट्रोलर, आतल्या जोडण्या, सगळं पॅकेज खोल जायला हवं. त्याच्या पायऱ्या पीसी२, पीसी३, पीसी६, पीसी८, पीसी१० अशा असतात. रिकामं मशीन पीसी२ किंवा पीसी३ वरच अडकलं असेल, तर एखादं उपकरण त्याला खाली जाऊ देत नाही. पॉवरटॉप आणि टर्बोस्टॅट दोन्हींमध्ये प्रत्येक पायरीवर किती टक्के वेळ गेला ते दिसतं.

नेहमीचे संशयित या क्रमानं तपासा.

ब्राउझर. सगळे टॅब बंद करून मोजा. मग व्हिडिओ लावून मोजा. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद असेल, तर व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्समधल्या खास भागाऐवजी प्रोसेसरच्या कोअरवर पडतं आणि वॅट सरळ वाढतात. ते चालू करणं हे या यादीतलं सर्वांत स्वस्त काम.

यूएसबीला अडकवलेलं काहीही: माउसचा डोंगल, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडरमध्ये विसरलेलं कार्ड. एकेक काढून पॅकेजची पायरी खाली जाते का पाहा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड. ते जागं राहिलं तर एकटंच काही वॅट खातं, आणि प्रोसेसरचं कुठलंही सेटिंग त्याला झोपवू शकत नाही. टास्क मॅनेजरच्या तपशिलात कोणता प्रोग्राम त्याला धरून बसला आहे ते सापडतं. बाहेरचा मॉनिटर लावला की काही लॅपटॉपवर ते कार्ड जागं राहणारच, कारण केबलचं पोर्टच त्याला जोडलेलं असतं. तो दोष नाही, रचना आहे.

एसएसडी. बदलून नवी टाकल्यापासून बॅटरी घसरली असेल, तर तिच्या वीजबचतीच्या पायऱ्या चालू आहेत का ते पाहा. तिच्यासाठी नवं फर्मवेअर आलं असेल तर आधी डेटाची प्रत काढून ते टाका.

पॉवरटॉपमध्ये सगळी सेटिंग एका फटक्यात ‘चांगली’ करायची सोय आहे. ती वापरल्यावर यूएसबी माउस दोन सेकंद हात न लावता ठेवला की झोपतो आणि पहिला क्लिक गिळतो. माउस आणि कीबोर्डची ओळ तेवढी परत जुनी करा.

पडद्याचा उजेड वेगळा सांगायला नको, पण हलक्या कामात प्रोसेसरपेक्षा पडदाच जास्त वीज घेत असतो.

५. चार्जर आणि केबल (स्वस्त, ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेल्यांनी इथूनच सुरू करा)

चार्जर काढला की वेग सुधारतो आणि लावला की पडतो, असं असेल तर निदान जवळजवळ झालंच. बऱ्याच लॅपटॉपांच्या गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर किती वॅटचा आहे ते तिच्यावरून मशीनला कळतं. सुई वाकली, आतली तार तुटली किंवा चार्जर नकली असला, की ओळख पटत नाही आणि मशीन सुरक्षिततेसाठी वेग तळाला नेतं. तपासायला बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या) माहितीच्या पानावर जा. तिथे चार्जरचे वॅट किंवा ‘अनोळखी’ अशी नोंद अनेक मॉडेलवर असते.

यूएसबी-सी चार्जर असेल तर केबलही पाहा. ओळख-चिप नसलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंतच देते. १०० वॅटचा चार्जर घेऊन फोनची केबल लावली तर मशीनला ६० च मिळतात. केबलवर ५ अँपिअर किंवा १०० वॅट लिहिलेलं हवं. मोबाइलचा ३० वॅटचा चार्जर मोठ्या लॅपटॉपला लावून वेगाची अपेक्षा ठेवू नये.

बॅटरी मेली किंवा काढून ठेवली असली, तरीही काही मशीन वेग पाडतात. टर्बोच्या झटक्याला लागणारा जास्तीचा करंट एकट्या चार्जरला झेपत नाही, तो बॅटरीतून घेतला जातो.

मित्राचा त्याच मॉडेलचा, तेवढ्याच वॅटचा मूळ चार्जर १० मिनिटं लावून पाहणं ही सर्वांत भरवशाची चाचणी. नवा विकत घ्यायच्या आधी ती करा.

६. कंट्रोलर रीसेट आणि बायोस (फुकट, जरा जपून)

मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, निघणारी बॅटरी असेल तर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. यानं एम्बेडेड कंट्रोलरच्या (चार्जर, बॅटरी, पंखा सांभाळणाऱ्या छोट्या चिपच्या) डोक्यात अडकलेली जुनी मर्यादा बहुधा निघते. काही मॉडेलना खाली टाचणीच्या भोकात रीसेट बटण असतं.

मग बायोस. सी-स्टेट, स्पीडस्टेप, स्पीड शिफ्ट (चिपनं वेग स्वतः ठरवायची, मुद्दा ३ मधली इंटेलची सोय) ही नावं शोधा आणि चालू आहेत का पाहा. गेमिंगच्या किंवा ऑडिओ रेकॉर्डिंगच्या सल्ल्यांवरून कोणीतरी सी-स्टेट बंद केलेले असतात. तसं असेल तर बाकीचे सगळे उपाय वाया. काहीच कळत नसेल तर मूळ सेटिंगवर परत आणा.

त्याआधी एक गोष्ट: डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी कागदावर उतरवून घ्या. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी चांगली भरलेली हवी. मध्येच वीज गेली आणि बॅटरीनंही मान टाकली तर बोर्ड उघडावा लागतो.

७. उष्णता (थोडा खर्च, स्क्रूड्रायव्हर लागतो)

तापमान पाहा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काम देताच १० सेकंदांत तिथे पोचून वेग पडत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये वेग कशामुळे रोखला गेला याची कारणं वेगवेगळ्या ओळींत दिसतात: तापमान, वीजमर्यादा, करंट. लिनक्सवर थर्मल थ्रॉटलचा (उष्णतेमुळे वेग पाडल्याचा) मोजणी-आकडा वाढतोय का ते पाहा.

थंड चिपला बचतीचंही कारण आहे, कारण गळती तापमानासोबत वाढते. धुळीनं भरलेलं मशीन तेच काम करायला जास्त वीज घेतं, आणि पंख्याची वीज वेगळीच.

लॅपटॉपच्या पत्रकात वापराचं कमाल तापमान बहुधा ३५ अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ असताना पंख्याखाली बसून वेग पडला, तर तो बिघाड समजू नका. सकाळी सहा वाजता तीच चाचणी करा आणि मग ठरवा. गादीवर, उशीवर ठेवलेल्या मशीनची चाचणी धरायचीच नाही.

साफसफाई: मशीन बंद करून खालचं झाकण उघडा आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पंख्याचं पातं टूथपिकनं अडवा, नाहीतर हवेच्या झोतानं तो नको तितका फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा जो नमदा साचतो तो चिमट्यानं ओढून काढा. बाहेरून फुंकर मारून तो फक्त आत दबतो. घरातला व्हॅक्यूम क्लिनर वापरू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते.

चिप आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड लागतं. लॅपटॉपची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं, म्हणून पातळ थर पूर्ण चिपवर पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर तिथेच तापतो. एक ग्रॅमची ट्यूब भरपूर झाली. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्या क्रमानं, प्रत्येक स्क्रू आधी अर्धा आणि मग पूर्ण आवळा. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे नवे लावा. तिथे पेस्ट भरून चालत नाही, फट मोठी असते.

८. व्होल्टेज उतरवणं (फुकट, पण जाणकारांसाठी)

वेग तसाच ठेवून बचत हवी असेल तर रस्ता हाच आहे. ०.९५ व्होल्टचे ०.९० केले तर उघडझापीचा खर्च सुमारे १० टक्के उतरतो. १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी खाली या, प्रत्येक पायरीवर अर्धा तास ताण द्या, आणि मशीन गोठलं की दोन पायऱ्या वर येऊन थांबा. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायोस अपडेटमधून ही सोय बंद केली. तुमच्याकडे पर्याय दिसतच नसेल तर कारण बहुधा तेच. जुनं बायोस टाकून कुलूप उघडायचे सल्ले मिळतील. बॅटरीच्या थोड्या मिनिटांसाठी सुरक्षेची त्रुटी परत आणणं परवडत नाही. कामाचा डेटा असलेल्या मशीनवर तर हा मुद्दा सोडूनच द्या.

९. इथे हात थांबवा

- टचपॅड वर आलेला, झाकण नीट बसत नाही, खालचा पत्रा फुगलेला: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, मशीन बंद करा, टोचू किंवा दाबू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. आजच.
- चार्जरचं सॉकेट हाताला चटका देतं, जळका वास येतो, किंवा पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं.
- मूळ चार्जर लावला, रीसेट केलं, तापमान ४५ अंशांवर आहे, तरी वेग ४०० मेगाहर्ट्झच. अशा वेळी बोर्डावरचं कोणीतरी ‘प्रोकहॉट’ची (प्रोसेसरला ‘तापलंय, वेग पाड’ असं सांगणारी) तार ओढून धरलेलं असतं: चार्जिंगचं सर्किट, व्होल्टेज रेग्युलेटर किंवा बिघडलेला सेन्सर. ‘थ्रॉटलस्टॉप’मधली ‘बीडी प्रोकहॉट’ची खूण काढली की वेग परत येतो, आणि बरेच जण तेवढ्यावर खूश होतात. ती खूण म्हणजे धोक्याची घंटा आहे. रेग्युलेटर खरोखरच तापत असेल, तर घंटा तोडल्यावर पुढचा खर्च बोर्डाचा.
- पाण्याचा किंवा चहाचा इतिहास आहे. मग वरची कुठलीच चाचणी भरवशाची नाही.
- मशीन वॉरंटीत आहे. झाकण उघडण्याआधी अटी वाचा.

दुरुस्तीला देताना ‘स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर विंडोज नव्यानं टाकून परत मिळतं, आणि दोष तसाच राहतो. त्याऐवजी कागदावर लिहून द्या: रिकामं असताना किती वॅट, कामात कोणत्या तापमानाला किती मेगाहर्ट्झ, चार्जर लावून आणि काढून पडलेला फरक, बायोसला चार्जर ओळखू येतो का, आणि ३७ क्रमांकाची नोंद कधीपासून पडते. बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं गेलं, तर आधी चार्जिंग सॉकेटची छोटी केबल बदलून पाहिली का, ते विचारा. कित्येक मॉडेलवर ती वेगळी निघते आणि बोर्डाच्या तुलनेत किरकोळ पैशांत येते.